उपचार, पुनर्गुन्हा आणि तुलनेचा गट

बालकांवर लैंगिक अत्याचार करून शिक्षा झालेल्या माणसाला उपचारांनी पुन्हा तसाच गुन्हा करण्यापासून रोखता येते का, हा प्रश्न आधी शस्त्रक्रियेच्या टेबलावर आला, मग वेड्यांच्या इस्पितळात आणि सर्वांत शेवटी तुरुंगात. उत्तर मात्र प्रत्येक वेळी उपचारापेक्षा एका साध्या गोष्टीवर अवलंबून राहिले: उपचार घेतलेल्यांची तुलना नेमकी कोणाशी केली?

डेन्मार्कने १९२९ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची वृषणे काढून टाकायला कायद्याने परवानगी दिली. हेर्स्टेडव्हेस्टर येथील तुरुंगवजा संस्थेचे प्रमुख, मनोविकारतज्ज्ञ गेओर्ग स्टुरुप यांनी पुढे अनेक वर्षे या शस्त्रक्रियेचे जोरदार समर्थन केले. कैद्याची संमती घेतली जाई. पण पर्याय अनिश्चित काळ कोंडून राहण्याचा असेल, तर त्या संमतीला कितपत अर्थ उरतो, हा आक्षेप तेव्हापासूनचा. जर्मनीत नाझी राजवटीने नोव्हेंबर १९३३ च्या कायद्याने संमतीचा देखावाही काढून टाकला. त्या राजवटीत शस्त्रक्रिया झालेल्या १,०३६ जणांचा पाठपुरावा आल्ब्रेख्त लांगेल्युडेके यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी २.३ टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता. शस्त्रक्रिया न झालेल्या गटात हे प्रमाण ३९.१ टक्के होते.

हा आकडा त्यानंतरच्या वादांत वारंवार पुढे केला गेला. पण तो कुठून आला हे पाहिले की त्यातले पाणी कळते. नाझी काळात ही कात्री बालकांवरील अत्याचाऱ्यांपुरती थांबली नव्हती. तिच्याखाली समलिंगी पुरुषही आले होते. शिवाय शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले हे दोन गट मुळातच वेगळे होते. वय, गुन्ह्यांचा इतिहास, सुटकेनंतरची देखरेख, यांतले काहीच जुळवलेले नव्हते. शस्त्रक्रियेने कामवासना घटते यात शंका नाही. पण ३९ आणि २ यांतले सगळे अंतर तिच्याच खात्यावर मांडायला आधार नव्हता.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. मिशिगनने १९३७ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९३९ मध्ये ‘लैंगिक मनोविकृतां’साठी कायदे केले. गुन्हेगार म्हणजे रोगी, तेव्हा त्याला तुरुंगात न पाठवता इस्पितळात ठेवावे आणि बरा झाल्यावर सोडावे, ही कल्पना. त्यासाठी कॅलिफोर्नियात १९५४ मध्ये अटॅस्काडेरो येथे कडेकोट बंदोबस्ताचे सरकारी मनोरुग्णालय उघडले. बरे करायचे म्हणजे काय करायचे, याचे उत्तर मात्र दर दशकाला बदलत गेले. आधी गटात बसून मनोविश्लेषण झाले, मग विजेचे सौम्य झटके आणि अमोनियाचा उग्र वास आला. मुलांची चित्रे दाखवायची आणि त्याच क्षणी झटका द्यायचा, म्हणजे आकर्षणाची जागा किळस घेईल, असा हिशेब होता.

हा हिशेब लागला की नाही हे तपासायला यंत्रही मिळाले होते. चेकोस्लोव्हाकियात कुर्त फ्रॉइंड यांनी १९५० च्या दशकात लिंगातील रक्तप्रवाहाचा फरक नोंदवणारे उपकरण तयार केले. लष्करी भरती टाळण्यासाठी समलिंगी असल्याचे खोटेच सांगणारे तरुण ओळखणे हा त्याचा पहिला उपयोग. फ्रॉइंड १९६८ नंतर टोरांटोत आले आणि कॅनडा या विद्येचे केंद्र बनला. किंग्स्टन येथील तुरुंगात विल्यम मार्शल यांनी १९७० च्या दशकात झटक्यांपासूनच सुरुवात केली. हळूहळू त्यांच्या लक्षात आले की आकर्षणाची दिशा बदलली तरी माणसाचा एकटेपणा, नातेसंबंधांतील अपयश आणि स्वतःला समजावण्याच्या सबबी जशाच्या तशा राहतात. पुढच्या चाळीस वर्षांच्या उपचारपद्धती या निरीक्षणातून निघाल्या.

याच सुमारास सुधारणेवरचा विश्वासच डळमळला. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन यांनी १९७४ मध्ये तुरुंगातील सुधारणा-कार्यक्रमांच्या २३१ अभ्यासांचा आढावा लोकांसमोर मांडला. त्याचा सारांश वर्तमानपत्रांनी दोन शब्दांत केला: काहीच चालत नाही. लेख इतका निरपवाद नव्हता, आणि १९७९ मध्ये मार्टिन्सन यांनी स्वतःच आपले म्हणणे बरेच मवाळ केले. पण तोवर गाडी पुढे गेली होती. त्यात १९८९ मध्ये लिटा फर्बी, मार्क वाइनरॉट आणि लिन ब्लॅकशॉ यांनी केवळ लैंगिक गुन्हेगारांवरचे ४२ अभ्यास तपासले. उपचारांनी पुनर्गुन्हा घटतो याचा पुरावा त्यांना सापडला नाही. त्यांचा अधिक बोचरा निष्कर्ष असा की, बहुतेक अभ्यासांची मांडणी इतकी भोंगळ होती की उपचार चांगला असता तरी त्यातून दिसला नसता. पाठपुरावा कुठे दोन वर्षांचा, कुठे दहा. एका ठिकाणी पुनर्गुन्हा म्हणजे नवी शिक्षा, दुसऱ्या ठिकाणी नुसती अटक. तुलनेचा गट बहुतेकांकडे नव्हताच.

हा दोष टाळणारा एकच मोठा प्रयोग त्या वेळी चालू होता, तोही कॅलिफोर्नियात. राज्याने १९८१ मध्ये लैंगिक गुन्हेगारांना इस्पितळात पाठवण्याचा जुना कायदा रद्द केला आणि सर्वांची रवानगी तुरुंगात करायचे ठरवले. त्याच वेळी आमदारांनी एक अट घातली: उपचाराचा एक छोटा कार्यक्रम चालवायचा, पण त्याचे मूल्यमापन शास्त्रशुद्ध झाले पाहिजे. मानसशास्त्रज्ञ जॅनिस मार्क्वेस यांनी १९८५ मध्ये अटॅस्काडेरोत तो सुरू केला आणि तो १९९५ पर्यंत चालला. शिक्षेचा शेवटचा टप्पा उरलेल्या कैद्यांना विचारले जाई. जे तयार होत त्यांच्या वय, गुन्ह्याचा प्रकार आणि पूर्वीच्या शिक्षा पाहून जोड्या लावल्या जात. जोडीतला कोण इस्पितळात जाणार आणि कोण तुरुंगात राहणार, हे नशिबावर सोडलेले. नकार देणाऱ्यांचा तिसरा गटही मोजणीत होता. एकूण ७०४ जण, बलात्कारी आणि मुलांवर अत्याचार केलेले, असे दोन्ही प्रकारचे.

या नशिबाच्या फाशावर टीका झाली. उपचार चांगला असेल तर निम्म्या लोकांना तो नाकारून समाजात सोडणे म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळ, असे टीकाकार म्हणत. प्रयोगकर्त्यांचे उत्तर होते की उपचार चांगला आहे की नाही हेच तर ठाऊक नाही.

उपचाराची चौकट दारूच्या व्यसनावरून उचललेली होती. सिअ‍ॅटलचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी दारू सोडलेल्यांना पुन्हा घसरण्यापासून वाचवण्यासाठी ती बांधली आणि विल्यम पिथर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती लैंगिक गुन्हेगारांना लावली. मूळ सूत्र असे की, गुन्हा अचानक घडत नाही, त्याच्या मागे निर्णयांची माळ असते. अटॅस्काडेरोतल्या माणसाला ती माळ मणी मणी करून लिहून काढावी लागे. बायकोशी भांडण झाले, एकटे वाटले. मग संध्याकाळी फिरायला बाहेर पडला, तो नेमका खेळाच्या मैदानाच्या बाजूने. मग ओळखीच्या घरी मुलांना सांभाळायची तयारी दाखवली. प्रत्येक पायरी वरवर निरुपद्रवी, आणि प्रत्येक पायरीवर परतीची वाट उघडी. ही वाट ओळखायला सुमारे दोन वर्षे शिकवायचे, सुटकेनंतर वर्षभर बाहेर भेटी घेत राहायचे, अशी आखणी होती. मध्यंतरीचे आकडे आशादायक दिसले.

अंतिम निकाल २००५ मध्ये आला. सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यात तिन्ही गटांत पुन्हा लैंगिक गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण एक पंचमांशाच्या आसपास होते. उपचार घेतलेले, तयार असूनही न मिळालेले आणि नकार दिलेले, यांच्यात फरक म्हणावा असा फरक नव्हता. मार्क्वेस यांनी तो आडपडदा न ठेवता छापला, हे विशेष. आत खोलवर पाहता एक धागा हाती लागला: ज्यांनी कार्यक्रमाची उद्दिष्टे खरोखर आत्मसात केली, त्यांनी, विशेषतः मुलांवर अत्याचार केलेल्या जास्त जोखमीच्या पुरुषांनी, पुढे कमी गुन्हे केले. पण शिकणारा आणि न शिकणारा यांची निवड फाशाने झालेली नसते. जो मन लावून शिकतो तो कदाचित मुळातच कमी धोक्याचा असतो.

त्याच काळात न्यूझीलंडमधून उलट बातमी आली होती. क्राइस्टचर्चजवळच्या रोलस्टन तुरुंगात १९८९ मध्ये फक्त बाल-अत्याचाऱ्यांसाठी ‘किआ मारामा’ नावाचा विभाग उघडला. १९९८ च्या मूल्यमापनात उपचार घेतलेल्या २३८ जणांपैकी ८ टक्क्यांना पुन्हा शिक्षा झाली होती. आधीच्या, उपचार नसलेल्या काळातल्या कैद्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. निकाल मोठा, पण तुलना वेगळ्या काळातल्या माणसांशी. पोलिस, न्यायालये आणि देखरेख मधल्या काळात तीच राहिली असतील असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

ब्रिटनमध्ये उपचाराला गती मिळाली ती एका दंग्यानंतर. मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात १ एप्रिल १९९० रोजी प्रार्थनागृहात उठलेला दंगा पंचवीस दिवस चालला. छपरावर चढलेल्या कैद्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली. पण पहिल्या काही तासांत दंगेखोर लैंगिक गुन्हेगारांच्या वेगळ्या विभागात घुसले आणि त्यांना बेदम मारले, ही गोष्ट तुरुंग प्रशासनाला अधिक अस्वस्थ करणारी होती. हे कैदी नियम ४३ खाली संरक्षणासाठी इतरांपासून दूर ठेवलेले असत. दिवसाचा बहुतेक वेळ कोठडीत, काम नाही, शिक्षण नाही, आणि शिक्षा संपली की जसे आले तसे बाहेर. गृहमंत्री केनेथ बेकर यांनी १९९१ मध्ये लैंगिक गुन्हेगारांसाठी देशव्यापी उपचार-कार्यक्रम जाहीर केला. डेव्हिड थॉर्नटन यांच्या नेतृत्वाखाली तुरुंग खात्याच्या मानसशास्त्रज्ञांनी त्याचा मुख्य भाग बसवला.

आठ-दहा कैदी खुर्च्यांचे वर्तुळ करून बसत. समोर मानसशास्त्रज्ञ आणि प्रशिक्षण घेतलेले तुरुंग अधिकारी. काल ज्याने कोठडीला कुलूप लावले तोच आज गट चालवतोय, असेही घडे. सुमारे १८० तास चालणाऱ्या या बैठकांत प्रत्येकाला आपल्या गुन्ह्याचा तपशीलवार वृत्तांत सर्वांसमोर सांगावा लागे आणि बाकीचे त्याला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारत. ‘तीच माझ्याजवळ येऊन बसली’ असे कोणी म्हणाला, की ‘ती सात वर्षांची होती’ हे त्याच्या शेजारचा कैदी त्याला ऐकवी. मग पीडित मुलाच्या भूमिकेत शिरून प्रसंग करून दाखवायचा, पीडिताला न पाठवण्याचे पत्र लिहायचे, आणि शेवटी पुन्हा घसरू नये यासाठीची योजना. बैठकांचे व्हिडिओ काढून त्यांची तपासणी होई. शिस्त इतकी की जगभरचे तज्ज्ञ नमुना म्हणून पाहायला येत. नॉटिंगहॅमशायरमधला व्हॉटन तुरुंग तर पूर्णपणे लैंगिक गुन्हेगारांसाठीच राखला गेला. किती कैद्यांनी कार्यक्रम पूर्ण केला याचे वार्षिक लक्ष्य ठरले. पॅरोल मंडळाने तेच प्रमाणपत्र पाहायला सुरुवात केली, आणि कार्यक्रम नाकारणाऱ्याची सुटका लांबू लागली.

आकड्यांचा सूरही तोवर बदलला होता. कॅनडाचे कार्ल हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ४३ अभ्यास एकत्र केले. ९,४५४ गुन्हेगारांत उपचार घेतलेल्यांपैकी १२.३ टक्क्यांनी आणि न घेतलेल्यांपैकी १६.८ टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला. जर्मनीचे फ्रीडरिश ल्योझेल आणि मार्टिन श्मुकर यांनी २००५ मध्ये २२ हजारांवर लोकांचा हिशेब मांडला: ११.१ विरुद्ध १७.५ टक्के. टीका झालीच. ऑन्टारियोतील मार्नी राइस आणि ग्रँट हॅरिस यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की अनेक अभ्यासांत तुलनेच्या गटात उपचार नाकारलेले किंवा अर्ध्यात सोडून गेलेले कैदी घातलेले आहेत. असे लोक मुळातच अधिक जोखमीचे, तेव्हा त्यांच्याशी तुलना केली की कोणताही उपचार उजवाच ठरणार.

आणखी एक इशारा हॅन्सन यांच्याच १९९८ च्या अभ्यासात होता. मॉनिक बुसिएर यांच्यासह त्यांनी ६१ अभ्यासांतून पुनर्गुन्ह्याची भाकिते करणारे घटक शोधले होते. मुलांविषयीचे लैंगिक आकर्षण आणि पूर्वीचे लैंगिक गुन्हे ठळक निघाले. गुन्हा नाकारणे आणि पीडिताविषयी सहानुभूती नसणे, यांचा पुनर्गुन्ह्याशी संबंध मात्र दिसला नाही. म्हणजे ब्रिटनमधील वर्तुळात ज्या दोन गोष्टींवर सर्वाधिक अश्रू आणि तास खर्च होत होते, त्यांच्यावर पुढचा गुन्हा ठरतच नव्हता. वैद्यक आणि न्याय या दोन्ही परंपरांत कबुलीला एवढे मोल आहे की हा निष्कर्ष कोणाच्या गळी सहज उतरला नाही. उपचार चालवणाऱ्यांनी तो वाचला होता. कार्यक्रमाच्या रचनेत बदल मात्र संथगतीने झाले.

ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाचा अहवाल जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २००० ते २०१२ या काळात सुटलेल्या २,५६२ उपचारित कैद्यांची तुलना उपचार न घेतलेल्या १३,२१९ जणांशी केली होती. संशोधकांनी वय, गुन्हे, शिक्षा, शिक्षण, व्यसन अशा ८७ बाबी जुळवल्या. सरासरी ८.२ वर्षांत उपचार न घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला आणि उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी. मुलांच्या अश्लील चित्रांशी संबंधित गुन्ह्यांतही तोच कल होता: २.९ विरुद्ध ४.४ टक्के. सव्वीस वर्षे चाललेल्या, जगभर नावाजलेल्या कार्यक्रमाने गुन्हे घटवले नव्हते. कदाचित थोडे वाढवलेच होते. अहवाल येण्याआधीच, मार्च २०१७ मध्ये, तो बंद करण्यात आला होता.

असे का झाले असावे, याची चर्चा लगेच सुरू झाली. एकत्र बसून गुन्ह्यांचे तपशील सांगताना अशा वागण्याची नवलाई मरते, ते नेहमीचे वाटू लागते, ही शंका अहवालातच होती. गटातून नव्या ओळखी होतात, हेही खरे. कमी जोखमीच्या माणसाला जास्त जोखमीच्यांच्या सोबत बसवणे हा जुनाच आक्षेप. दुसरी बाजू म्हणे की ८७ बाबींत सर्वांत महत्त्वाचीच सुटली: मुलांविषयीचे आकर्षण किती तीव्र आहे, याची नोंद तुरुंगाच्या संगणकात नसते, आणि तुरुंग अधिकारी नेमके अशाच माणसांना उपचारासाठी पाठवत असणार. ही मर्यादा अहवालाने मान्य केली होती. तरीही दुसऱ्या बाजूने इतका मोठा आणि इतका काळजीपूर्वक जुळवलेला पुरावा आजवर आलेला नाही, त्यामुळे मुख्य निष्कर्ष थेट खोडताही येत नाही.

मधल्या काळात इतरांचेही हिशेब आटोक्यात आले होते. निक्लास लाँगस्ट्रोम यांच्या स्वीडिश गटाने २०१३ मध्ये केवळ बाल-अत्याचाऱ्यांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. १६७ पूर्ण लेख वाचल्यावर विश्वास ठेवण्याजोगे अभ्यास उरले फक्त आठ, आणि प्रौढ गुन्हेगारांच्या बाबतीत त्यांतून ठाम काही सांगता येईना. श्मुकर आणि ल्योझेल यांनी २०१५ मध्ये आपल्याच जुन्या हिशेबातून कमकुवत अभ्यास वगळले, तेव्हा फरक १०.१ विरुद्ध १३.७ टक्के एवढाच राहिला. त्यातही तुरुंगातल्या उपचारांचा परिणाम स्पष्ट दिसेना. समाजात राहून घेतलेले उपचार बरे ठरले. थेरेसा गॅनन यांच्या २०१९ च्या संकलनात पुन्हा आशादायक आकडे आले, ९.५ विरुद्ध १४.१ टक्के, आणि एक उपयुक्त तपशीलही: पात्र मानसशास्त्रज्ञ सतत प्रत्यक्ष हजर असलेल्या कार्यक्रमांचे निकाल अधिक चांगले होते.

औषधांची कथा समांतर चालली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन मनी यांनी १९६६ पासून पुरुषी संप्रेरक दाबणारे इंजेक्शन वापरून पाहिले, आणि कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये ते काही गुन्हेगारांना सक्तीचे करणारा अमेरिकेतला पहिला कायदा केला. भारतात न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने २०१३ च्या अहवालात रासायनिक नपुंसकीकरणाची मागणी फेटाळली; अत्याचाराची सामाजिक मुळे औषधाने उपटली जात नाहीत, असा तिचा युक्तिवाद होता. पुराव्याच्या अंगाने पाहिले तर कायदे करणाऱ्यांनी प्रयोगांची वाट पाहिलीच नाही. २०१५ मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात औषधांच्या केवळ सात लहान चाचण्या सापडल्या, एकूण १३८ माणसांच्या. स्वीडनमध्ये २०२० साली ५२ पुरुषांवर डेगारेलिक्स या औषधाची नीट आखलेली चाचणी झाली आणि दोन आठवड्यांत धोक्याची लक्षणे घटली. ते पुरुष मात्र स्वतःहून मदत मागायला आलेले होते.

ब्रिटनमध्ये जुन्या कार्यक्रमाच्या जागी ‘होरायझन’ आणि ‘कायझेन’ हे दोन कार्यक्रम आले. गुन्ह्याची कबुली आणि तपशीलवार वृत्तांत त्यांत आवश्यक नव्हते. भर होता तो पुढे काय करायचे यावर: नोकरी, नाती, राग आवरणे, वेळ घालवणे. न्यूझीलंडचे मानसशास्त्रज्ञ टोनी वॉर्ड हीच दिशा आधीपासून सांगत होते. हॅन्सन यांच्या २०१४ च्या अभ्यासातही याला बळ देणारी एक गोष्ट आहे. अति जोखमीचे म्हणून नोंदलेले पुरुष पहिल्या पाच वर्षांत २२ टक्क्यांपर्यंत पुन्हा गुन्हा करतात. पण दहा वर्षे सरळ काढलेल्यांत पुढचे प्रमाण ४.२ टक्क्यांवर येते. अर्थात हे सगळे आकडे पकडल्या गेलेल्या गुन्ह्यांचे. मुलांवरचे बहुतेक अत्याचार पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत, तेव्हा खरे प्रमाण दोन्ही गटांत अधिक असणार.

उपचाराच्या बाहेरून आलेला एक प्रयत्न मात्र फाशाच्या कसोटीला उतरला. १९९४ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन शहरात बाल-अत्याचाराबद्दल पूर्ण शिक्षा भोगून एक कैदी सुटला. त्याच्यावर देखरेखीची कोणतीही अट उरली नव्हती आणि शहर संतापलेले होते. मेनोनाइट पंथाचे पाद्री हॅरी नाय यांनी आपल्या मंडळीतील काही जणांना गोळा केले. ते त्याला नियमित भेटत, डॉक्टरकडे नेत, भाडे भरायला मदत करीत, आणि तो बाहेर कुठे चाललाय हे निःसंकोच विचारत. या ‘वर्तुळां’ची पद्धत पुढे इतर देशांत पोहोचली. मिनेसोटाच्या तुरुंग खात्यातील संशोधक ग्रँट ड्यूव यांनी २००८ पासून सुटलेल्या शंभर जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. अर्ध्यांना वर्तुळ मिळाले, अर्ध्यांना नेहमीची देखरेख. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार वर्तुळातल्या माणसांना नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक होण्याची जोखीम ८८ टक्क्यांनी कमी निघाली. गट लहान आहेत, प्रत्यक्ष गुन्ह्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे, त्यामुळे हा आकडा मोठ्या चाचणीत एवढाच टिकेल असे मानायला आधार नाही.